खालची बारीक ओळ

माझ्या पुतणीने आपल्या लग्नाची पत्रिका स्वतःच तयार करायचे ठरवले, तेव्हा तीस वर्षे लग्नपत्रिका छापण्यात घालवलेल्या काकाला थोडे लागणे साहजिक होते. पण मी ते बोलून दाखवले नाही. छापील पत्रिका देवाला आणि वडीलधाऱ्यांना, बाकीच्या गोतावळ्याला मोबाईलवर, असा तिचा हिशेब होता आणि तो चुकीचाही नव्हता. एका वेबसाइटवर मजकूर भरायचा, मागे आंब्याची पाने आणि समया निवडायच्या, सनईचा तुकडा जोडायचा, की एक लिंक मिळते आणि ती सगळ्यांना पाठवता येते. मजकूर मात्र तिने माझ्याकडूनच नेला, कारण म्हापशातल्या आमच्या प्रेसमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेला साचा घरात सगळ्यांना पाठ असला, तरी 'चि. सौ. कां.'मधले टिंब कुठे द्यायचे हे अजून मलाच विचारावे लागते. तिने तो भरला, बटण दाबले, आणि मिनिटभराने पडद्यावर लाल पट्टी उमटली : हा मजकूर आमच्या सामुदायिक मार्गदर्शक तत्त्वांशी सुसंगत नाही.

ती लॅपटॉप घेऊन तशीच प्रेसमध्ये आली. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत; काम काही नसले तरी रोज दहा वाजता येऊन दारापाशी आपल्या स्टुलावर बसतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "खंयचें उतर चुकलें?" म्हणजे कोणता शब्द चुकला. ती म्हणाली, "तें सांगना, आजोबा," म्हणजे ते सांगत नाही. त्यावर वडील, "सांगना म्हळ्यार कितें? विचार तांकां." बोलायचे कोंकणीत आणि पत्रिका छापायची मराठीत, याचे गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत कोणाला आश्चर्य वाटत नाही; ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालायचे माझे वय आता सरले.

विचारायचे कोणाला, हा प्रश्न तिथेच राहिला.

पुतणी पणजीत सॉफ्टवेअरचे काम करते. तिच्या धंद्यात चूक कुठे आहे ते कळत नसले, की सगळ्याचे दोन तुकडे करतात. ज्या तुकड्यात दोष निघेल त्याचे पुन्हा दोन, असे करत करत एका ओळीवर येऊन थांबतात. तिने पत्रिका मधोमध कापली. वरच्या अर्ध्यात 'श्री महालसा नारायणी प्रसन्न', वधूवरांची नावे, तिथी आणि मुहूर्त. खालच्या अर्ध्यात सभागृहाचा पत्ता, निमंत्रक, स्वागतोत्सुक आणि चिल्ल्यापिल्ल्यांची 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. वरचा अर्धा भाग विनातक्रार गेला. मग खालचा भाग चढवला, तोही गेला. दोन्ही एकत्र केले, लाल पट्टी. तिने हे तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा तेच झाले. वडील स्टुलावरून ते पाहत होते. सुटे असताना चालणारे शब्द एकत्र येताच कसे चालेनासे होतात, याचे उत्तर त्यांना तिच्याकडून हवे होते आणि तिच्याकडेही ते नव्हते. शेवटी तिने तक्रार नोंदवली. अर्ध्या मिनिटात एक लांबलचक क्रमांक असलेली पोच आली, म्हणजे नियमाला धरून आली, कारण २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तेव्हा अशा तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागे आणि निकाल १५ दिवसांत. लग्नाला १२ दिवस उरले होते.

त्या रात्री जेवण झाल्यावर वडिलांनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढायला लावली. तळाशी, आजोबांच्या दुकानाच्या वह्यांखाली, घडीवर फाटत आलेला एक फूलस्केप कागद होता. तो मी लहानपणी एकदा पाहिला होता, पण तेव्हा मला त्यावरच्या शिक्क्याचीच काय ती मौज वाटली होती. १९५६ साली थोरल्या आतेचे लग्न ठरले, त्या पत्रिकेचा हा हस्तलिखित मसुदा. पोर्तुगीज अमदानीत छापण्याआधी प्रत्येक गोष्ट सेन्सॉरच्या डोळ्यांखालून जावी लागे आणि लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि आपल्या आजोबांच्या वळणदार अक्षरावरून गेलेली निळी पेन्सिल पाहणे वेगळे. खालच्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का होता, त्याच्यावर तिरपी सही होती, आणि निमंत्रकांच्या यादीत चौथे नाव निळ्या रेघेने खोडलेले होते. रेघ एकच, सरळ, कुठेही न थरथरलेली. ते नाव वडिलांच्या मामाचे होते. मामा त्या वेळी आग्वादच्या तुरुंगात होता.

वडील तेव्हा १० वर्षांचे. आजोबांबरोबर ते त्या कचेरीत गेले होते आणि तिथल्या बाकाला मेणाचा वास यायचा, हे ते अजून सांगतात. कारकून आपलाच, बार्देशचाच होता. आजोबांनी विचारले, यात काय चुकले? कारकुनाने तोंडाने काही सांगितले नाही. कागद फिरवून आजोबांच्या समोर धरला आणि त्या नावावर बोट ठेवले. आजोबांनी मान हलवली, कागदाची घडी केली आणि 'ओब्रिगाद' म्हणून बाहेर पडले. नाव वगळून पत्रिका छापली गेली. आजीच्या माहेरची माणसे लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि पंक्तीला न बसता निघून गेली. वडिलांना या सगळ्यात आजही जी गोष्ट सलते ती खोडलेले नाव नव्हे. आपल्या बापाने त्या माणसाचे आभार का मानले, ती.

वडिलांचा जन्म १९४६ चा, म्हणजे राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांनी १८ जूनला मडगावात भर पावसात बंदी मोडून सभा घेतली त्या वर्षीचा. तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून साजरा करतो, मैदानाला लोहियांचे नाव दिले आहे, शाळेची मुले झेंडे घेऊन उभी राहतात. मात्र त्या दिवशी मागितले काय होते, ते आम्ही सोयीस्करपणे मागे टाकले आहे. त्या सभेची तातडीची मागणी नागरी स्वातंत्र्याची होती : परवानगी न घेता चार माणसांनी एकत्र जमावे, बोलावे, छापावे. पोर्तुगाल जाईल की राहील हा पुढचा प्रश्न होता. मला ही मागणी मुक्तीहून लहान वाटत नाही. उलट ती अधिक अवघड वाटते, कारण राज्य एकदा जाते आणि गेले की गेले, पण परवानगी मागायला लावणारा माणूस दर पिढीत नव्या गणवेशात येतो.

आजोबांच्या दुकानाविषयी थोडे सांगायला हवे, कारण माझी बाजारासंबंधीची मते तिथल्या वह्यांतून आली आहेत. भारताने १९५५ च्या सुमारास गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा लोक उपाशी मरतील असे पलीकडच्यांना वाटले होते. झाले उलटेच. खनिजाच्या पैशावर बाहेरून माल येत राहिला : हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट, पाकिस्तानातला तांदूळ. १९५७ च्या वहीत आजोबांनी मोडीत 'वलंदेजी बटाटे' असे लिहिले आहे, ते वाचताना मला दर वेळी हसू येते. दुकानात स्विस घड्याळे, परदेशी ब्लेड, पिअर्सचा साबण. म्हणजे ज्या गावात मेहुण्याचे नाव पत्रिकेवर घालता येत नव्हते, त्याच गावात युरोपातल्या कुठल्याही कारखान्याचा माल काउंटरवर मिळत होता. मोकळा बाजार आला की मागोमाग मोकळीक येते, असे जे आत्मविश्वासाने सांगितले जाते, ते ऐकताना मला हे बटाटे आठवतात. मग १९६१ चा डिसेंबर आला आणि गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला. वर्तमानपत्रे निघाली, १९६२ मध्ये 'गोमन्तक' सुरू झाला, वाटेल ते बोलता येऊ लागले. आणि त्याच आजोबांना मालासाठी परवाने, कोटा आणि पणजीच्या खेपा सुरू झाल्या. अमुक एक अर्ज का परत आला, हे विचारायला ते गेले की 'उद्या या' असे उत्तर मिळे. त्यांनी शेवटपर्यंत या दोन राजवटींची तुलना करायचे टाळले. मुक्तीचा आनंद त्यांना खरोखर होता, त्याला ते उणेपणा येऊ देत नसत. पण वही मिटताना 'तेन्ना सांगताले तरी' असे पुटपुटत, म्हणजे तेव्हा सांगायचे तरी.

मी स्वतः बाजाराच्या बाजूचा माणूस आहे, हे कबूल करून टाकतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो की मला माणसांविषयी बरे वाटते. मयड्याची केळी विकणारी बाई माझ्याकडून डझनाला जास्त घेते, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत असते. मी पलीकडच्या पाटीकडे नुसते पाहिले की ती भाव उतरवते, आणि तिची केळी खरोखर चांगली असल्यामुळे मी परत तिच्याकडेच वळतो. कोणी कोणाचा अर्ज करत नाही. पण याच बाजारात वजनमाप खात्याचा माणूस येऊन तराजू आणि वजने तपासतो, त्यांवर शिक्का मारतो, आणि या शिक्क्याविरुद्ध मी कधी कुरकुर केलेली नाही. (मासळीबाजाराला वजन लागत नाही, तिथे बांगड्यांचा वाटा नजरेनेच ठरतो, पण तो वेगळाच धर्म आहे.) किलो हा सगळ्यांचा सारखा असल्यामुळेच मला पलीकडच्या पाटीकडे पाहता येते. प्रत्येक विक्रेत्याचा किलो निराळा आणि गुप्त असता, तर मोकळ्या बाजारात हिंडूनही माझे पाय एकाच पाटीशी बांधलेले राहिले असते.

हे मला संगणकाने शिकवले, तेही चांगले महागात. आम्ही १९९५ मध्ये छपाईच्या अक्षरांचे खिळे आणि ते ठेवायच्या पेट्या, म्हणजे 'केस', विकून मराठी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम घेतला. त्याच्याबरोबर बोटाएवढी प्लास्टिकची ठोकळी मिळाली. ती संगणकाच्या पाठीमागे खोवल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे, म्हणून आम्ही सगळे तिला 'लॉक' म्हणत असू. आत अक्षरे ठेवण्याची रीत त्या कंपनीची स्वतःची होती. आमची फाइल दुसऱ्या प्रेसमध्ये उघडली, की 'शुभविवाह'च्या जागी उलटीसुलटी चिन्हे आणि ग्रीकसारखे काहीतरी दिसायचे. मजकूर आम्ही जुळवलेला, वीज आमची, डोळे आमच्या माणसांचे गेलेले, आणि किल्ली त्यांच्याकडे. एका जूनमध्ये वीज पडून संगणकाबरोबर लॉकही जळाले. कंपनी तोवर बंद झाली होती. सात-आठ वर्षांच्या पत्रिका, भजनी मंडळांची पुस्तके, दोन दिवाळी अंक, सगळे अजून एका डिस्कवर आहे आणि ते वाचणारे कोणी नाही. युनिकोड ही संगणकात अक्षरे ठेवण्याची सगळ्यांची सामाईक रीत; तिच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण आमच्या प्रेसच्या पायरीवर यायला तिला पंधरा वर्षे लागली. आली तेव्हा मला ती वजनमाप खात्याच्या शिक्क्यासारखी वाटली : सगळ्यांना सारखी, कोणाच्याही मालकीची नसलेली, आणि म्हणूनच धंद्याला मोकळीक देणारी. आमच्या गोव्यात आशियातले पहिले छापखान्याचे यंत्र १५५६ मध्ये उतरले, आणि तरी १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापावे लागले, कारण देवनागरी खिळे नव्हते. तेव्हा अक्षरे कोणाच्या हातात आहेत हा प्रश्न इथे जुनाच आहे.

पुतणीशी माझा वाद झाला तो या लाल पट्टीवरून. ती म्हणते, वेबसाइट त्यांची, नियम त्यांचे. नसेल पटत तर दुसरीकडे जावे. तिचे म्हणणे मला एका बाजूने मान्य करणे भाग होते, कारण मीही एकदा काम नाकारलेले आहे. एका निवडणुकीच्या आधी दोन तरुण पत्रकाचा मजकूर घेऊन आले. त्यात 'घाटी' लोकांना, म्हणजे घाटापलीकडून आलेल्यांना, गावातून हुसकावून लावा, असे होते, आणि बाजारपेठेतल्या कोणत्या गल्लीत त्यांच्या खोल्या आहेत तेही होते. मी म्हटले, मी हे छापणार नाही. त्यांनी कारण विचारले, ते मी सांगितले. घरी येऊन मला शूर वाटले आणि रात्री दुकानाची काच फुटेल या भीतीने झोप लागली नाही. त्यामुळे माझ्या नकारात तत्त्व किती आणि पोलीस केसची धास्ती किती, याचा हिशेब अजून जुळलेला नाही. ते पत्रक दोन दिवसांनी दुसऱ्या प्रेसमधून छापून आले. मला वाईट वाटले, पण दुसरी प्रेस असावी हेही मला हवेच होते. तेव्हा आमच्या एका रस्त्यावर चार प्रेस होत्या. आज पुतणीला लग्नाची लिंक पाठवायला दुसऱ्या दहा वेबसाइट आहेत हे खरे, पण तिचे चुलते, मावश्या आणि कॉलेजच्या मैत्रिणी ज्या एका ठिकाणी जमतात ते ठिकाण एकच आहे. तिथे लाल पट्टी आली तर ती कुठल्या पाटीकडे पाहणार?

आणि आम्ही छापतो त्याखाली एक बारीक ओळ असते. मुद्रकाचे नाव, प्रेसचे गाव. इंग्रजांच्या १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली होती आणि मुक्तीनंतर तो कायदा आमच्याकडेही आला. निवडणुकीच्या पत्रकांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात तर आणखी कडक कलम आहे, प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र घेऊन त्याची प्रत छापील पत्रकासोबत सरकारला पाठवावी लागते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी वडील विशीतले जुळारी होते. एकाच केसमधले खिळे उचलून ते सकाळी विलीनीकरणाच्या 'फुला'ची पत्रके जुळवत आणि दुपारी संघप्रदेशाच्या 'दोन पानां'ची. फूल ३४,०२१ मतांनी हरले, तेव्हा कोणत्या बाजूचे काम बरे झाले होते यावर प्रेसमध्ये भांडण झाले होते म्हणे. दोन्ही पत्रकांखाली प्रेसचे नाव तेच. ही ओळ आम्हाला पकडता यावे म्हणूनच आली, यात शंका नाही. मामाने १९५४ मध्ये वाटलेल्या पत्रकांखाली अर्थातच कोणाचे नाव नव्हते, आणि वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी १९५५ पासून सीमेवरच्या रानातून गोवामुक्तीसाठी गुप्त रेडिओ केंद्र चालवले, तेही पत्ता सांगून नव्हे. म्हणून नाव लिहायला लावणाऱ्या कायद्याविषयी माझे मन कधी साफ होत नाही. पण इतके मला कळते, की ज्याला सत्तेविरुद्ध बोलायचे आहे त्याला नाव लपवायची मुभा हवी. दुसऱ्याचे बोलणे अडवणाऱ्याला ती असू नये. त्या निळ्या रेघेखाली निदान सही होती. लाल पट्टीखाली काही नव्हते.

तुलना फार ताणू नये, हे पुतणीने मला सुनावले आणि ते बरोबरच होते. सेन्सॉर नाराज झाला तर माणूस आग्वादला जात असे. वेबसाइट नाराज झाली तर आपण दुसरा फोटो लावतो. पण सरकार आणि कंपनी यांच्यामध्ये जी भिंत तिला दिसते, ती मला तेवढी उंच दिसत नाही. इंटरनेटवरचा 'आक्षेपार्ह' मजकूर गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते तोवर नुसत्या एका पोस्टसाठी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती आणि २०१४ मध्ये गोव्यातही एका तरुणावर फेसबुकवरच्या मजकुरावरून गुन्हा नोंदवला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द केले. न्यायालयाने रद्द केले, म्हणजे रद्द करता येण्याजोगे काहीतरी कागदावर होते. त्यात शब्द होते, ते संदिग्ध आहेत असे म्हणता आले. पुतणी आपल्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची संगणकप्रणाली वापरते, कारण तिच्या आत काय लिहिले आहे ते कोणालाही उघडून वाचता येते, हे तिचे स्वतःचे सांगणे. मी तिला एवढेच म्हटले, की जे तुला यंत्राच्या बाबतीत कळते तेच मी लाल पट्टीच्या बाबतीत म्हणतो आहे. ती यावर गप्प बसली, पण पटले म्हणून की काका दमले आहेत म्हणून, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही.

तक्रारीचे उत्तर आले नाही. लग्नाला नऊ दिवस असताना ती म्हणाली, काका, सगळ्याच पत्रिका छापून टाका. मी रात्री जुळणी केली, आणि सकाळी दहाला प्रूफ काढून सवयीप्रमाणे वडिलांच्या हातात दिले. टेबलाच्या खणात आमच्याकडे अजून लाल-निळी पेन्सिल असते. त्यांनी ती घेतली, निळे टोक पुढे आलेले पाहून उलटी केली आणि लाल टोकाने ओळीखालून ओळ चालवत वाचू लागले. ज्या मजकुरावरून मी, पुतणी आणि ती वेबसाइट इतके दिवस डोळे फिरवत होतो, त्यात त्यांना चूक सापडली. 'शुभमुहुर्तावर' यातला 'हु' ऱ्हस्व पडला होता. त्यांनी त्याला गोल केला, समासात 'दीर्घ' असे लिहिले, खाली 'दुरुस्तीनंतर छापावे' म्हणून सही केली आणि तारीख घातली. पुतणीला त्या कागदाची इतकी गंमत वाटली, की तिने त्याचा फोटो काढून आहे तसाच सगळ्या गोतावळ्याला पाठवून दिला, आणि तो कोणी अडवला नाही.

संध्याकाळी डिचोलीहून थोरल्या आतेचा फोन आला. नातवाने तिला फोटो मोठा करून दाखवला होता. मुहूर्त कितीचा ते तिला दिसले होते, लाल गोल कशाचा ते तिने विचारले नाही. तिने वडिलांना एवढेच विचारले, "सगळ्यांचीं नांवां घाल्यांत मू रे?" वडील 'हय' म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून प्रूफ पुन्हा जवळ ओढले व निमंत्रकांची यादी वरून खाली वाचायला घेतली.